सहा दिवस, चोवीस तास आणि एक श्रीमंत तरुण

या महिन्यातली चार पत्रं एकाच विषयावरची निघाली: पवित्र शास्त्र अक्षरशः घ्यायचं की रूपक म्हणून? बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या चौघांनाच उत्तरं देते.

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम सलाम. माझा मुलगा इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजजवळ एक नवा प्रार्थना गट सुरू झालाय, तिथे तो जातो. तिथे शिकवतात की देवाने चोवीस तासांच्या सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि जो हे अक्षरशः मानत नाही तो शास्त्रच मानत नाही. आमचे पाळकसाहेब म्हणाले, तो अध्याय स्तोत्रासारखा वाचावा. त्यावर मुलगा म्हणतो, "पहिलाच अध्याय रूपक असेल तर मग पुनरुत्थानही रूपकच म्हणा!" आता तो आमच्याबरोबर देवळात यायलाही तयार नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. त्याच्याशी वाद घालणं मला जमत नाही. त्याला काय सांगू? — एक आई, पिंपरी

उत्तर : ताई, सलाम. मुलाचा प्रश्न मनापासूनचा आहे. "तू अजून लहान आहेस" म्हणून त्याला गप्प करू नका. शास्त्रावर ज्याचा जीव असतो तोच असं विचारतो.

एक गोष्ट रूपक मानली की सगळंच रूपक ठरेल, ही त्याची भीती आहे. त्याला प्रेषित पौलाची पत्रं काढायला सांगा. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हागार आणि सारा यांची गोष्ट घेतो आणि सरळ सांगतो की या दोघी म्हणजे दोन करार. हागार म्हणजे सीनाय पर्वत आणि दास्य, सारा म्हणजे वरचं यरुशलेम आणि स्वातंत्र्य. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो की रानात इस्राएल लोकांना पाणी देणारा खडक म्हणजे ख्रिस्त. आणि त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थानाचा विषय आला की त्याची भाषाच बदलते. तिथे साक्षीदारांची नावनिशी येते: केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधव, त्यांतले बहुतेक अजून हयात, मग याकोब, मग सगळे प्रेषित, सर्वांत शेवटी मी. बहुतेक हयात आहेत असं लिहिणारा माणूस वाचणाऱ्याला सांगत असतो की जा आणि त्यांना विचारून ये. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, हेही तो तिथेच लिहितो. माणूस एक, पत्रही एक, आणि कुठे खुणेने बोलायचं, कुठे साक्ष द्यायची हे त्याला पक्कं ठाऊक आहे. खडकाचा ख्रिस्त केला म्हणून त्याची रिकामी कबर डळमळली नाही.

आता उत्पत्तीचा पहिला अध्याय मोठ्याने वाचून पाहा. शक्य असेल तर मुलासमोर वाचा. देव बोलला, तसे झाले, देवाने पाहिले की चांगले आहे, संध्याकाळ झाली, सकाळ झाली: हे बोल परत परत येतात. पहिले तीन दिवस जागा तयार होतात, उजेड नि अंधार, आकाश नि पाणी, कोरडी जमीन. पुढचे तीन दिवस त्याच क्रमाने तिथे राहणारे येतात, सूर्य-चंद्र, मासे नि पाखरं, जनावरं आणि माणूस. सूर्य येतो तो चौथ्या दिवशी. दुसऱ्या अध्यायात तर क्रमही वेगळा आहे, माणूस आधी आणि जनावरं नंतर. ज्याने हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्याला हा फरक दिसला नसेल, असं मला वाटत नाही.

सूर्याचा हा प्रश्न डार्विननंतर सुचलेला नाही, हे मुलाला अवश्य सांगा. अलेक्झांड्रियाचा ओरिजेन तिसऱ्या शतकातच विचारतो: सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस, त्यांची संध्याकाळ आणि सकाळ होती, असं कोण शहाणा माणूस मानेल? देवाने शेतकऱ्यासारखी पूर्वेला बाग लावली, हे तरी कोण अक्षरशः घेईल? हा ओरिजेन कोण? त्याच्या वडिलांना ख्रिस्ती म्हणून मारलं गेलं तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. म्हातारपणी, रोमन बादशहा डेशियसच्या छळात, त्याने स्वतः तुरुंगात हालहाल सोसले आणि तरी प्रभूला नाकारलं नाही. अशा माणसाला शास्त्र न मानणारा म्हणायची माझी तरी छाती नाही.

पण फक्त ओरिजेन सांगितला तर मुलावर अन्याय होईल, कारण त्याच्या बाजूचेही थोर लोक होऊन गेलेत. कैसरियाचा बिशप बेसिल चौथ्या शतकात सृष्टीच्या सहा दिवसांवर उपदेश करत होता. रूपकं काढणाऱ्यांचा त्याला कंटाळा होता. मी गवत ऐकलं की मला गवतच समजतं, मासा ऐकला की मासाच, असं त्याने भर उपासनेत सांगितलं. दिवसही तो चोवीस तासांचाच धरतो. आणि त्याच्यानंतरच्या पिढीतला ऑगस्टीन, ज्याच्या ग्रंथाचं नावच 'उत्पत्तीचा अक्षरशः अर्थ' असं आहे, तो त्यात म्हणतो की देवाने सगळं एकाच क्षणी निर्माण केलं असावं आणि ते दिवस आपल्यासारखे नसावेत. तोच ऑगस्टीन ख्रिस्ती लोकांना बजावतो की आकाश, तारे, ऋतू यांबद्दल ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही अनुभवाने पुष्कळ कळतं. त्याच्यापुढे शास्त्राचा दाखला देऊन वेडंवाकडं बोलाल, तर पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवनाबद्दल तुम्ही सांगितलेलं तो कसं खरं मानेल?

म्हणजे ओरिजेन, बेसिल आणि ऑगस्टीन यांची तीन वेगळी मतं. तिघेही मंडळीचे, म्हणजे चर्चचे, शिक्षक. दिवस किती तासांचा यावरून त्यांच्यापैकी कुणी कुणाला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवलं नाही. निकेयाचा विश्वासांगीकार काढून बघा. आकाश आणि पृथ्वीचा निर्माणकर्ता एवढंच तिथे आहे, निर्मितीच्या दिवसांचा शब्दसुद्धा नाही. तासांची अट विश्वासाच्या दारात उभी राहिली ती फार अलीकडे. 1925 साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला. शास्त्राच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्षीत स्वतःच सांगितलं की ते दिवस चोवीस तासांचे असलेच पाहिजेत असं त्यांना वाटत नाही. 1961 मध्ये व्हिटकॉम आणि मॉरिस या दोन अमेरिकन लेखकांचं जलप्रलयावरचं पुस्तक आलं, आणि पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे हा आग्रह तिथल्या मंडळ्यांमध्ये जोमाने पसरला. तुमच्या मुलाच्या गटातली शिकवण याच प्रवाहातली आहे. तो प्राचीन विश्वास म्हणून जे कवटाळतोय त्यातली कडक अट त्याच्या आजोबांपेक्षाही लहान असेल.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट.

इतकी वर्षं शास्त्र शिकवताना मला दिसलं ते असं की सगळं अक्षरशः घेणारा माणूस मिळत नाही आणि सगळं रूपक म्हणणाराही मिळत नाही. प्रत्येकाने मध्ये कुठेतरी रेघ ओढलेली असते, आणि ती रेघ बहुतेक वेळा आपल्याला झळ लागणार नाही अशा जागी पडते. अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामांना इफिसकरांस पत्रातलं 'दासांनो, आज्ञा पाळा' हे वचन अगदी अक्षरशः ऐकवलं जायचं. ऐकवणाऱ्या मालकांनी 'तुझ्याकडे असेल ते विकून गोरगरिबांना दे' हे वचन कधी तितक्या अक्षरशः घेतलं?

ते वचन मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. श्रीमंत तरुण येतो, सगळ्या आज्ञा पाळल्या म्हणतो, प्रभू त्याला असेल ते विकायला सांगतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. सुमारे 200 साली अलेक्झांड्रियात क्लेमेंट नावाच्या शिक्षकाने शहरातल्या सधन ख्रिस्ती लोकांसाठी यावर एक प्रवचन लिहिलं. त्याचं म्हणणं असं की प्रभू पैशाची आसक्ती टाकायला सांगतो. पैसा जवळ ठेवून तो गरिबांसाठी वापरता येतो, सगळ्यांनीच टाकून दिला तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? हा विचार पोरकट नाही, त्याला उत्तर देणं सोपं नाही.

सत्तरेक वर्षांनी त्याच इजिप्तमध्ये अँथनी नावाचा विशीच्या आतबाहेरचा तरुण देवळात शिरला. आईवडील नुकतेच वारलेले, घरी एक धाकटी बहीण. आत तेच वचन वाचलं जात होतं. त्याला वाटलं, हे माझ्यासाठीच वाचलं जातंय. तो बाहेर पडला आणि वडिलोपार्जित तीनशे अरूरा जमीन, म्हणजे दोनशे एकर, त्याने गावाला देऊन टाकली. घरातलं सामान विकलं, पैसे गरिबांना वाटले, थोडे बहिणीसाठी ठेवले. पुढे पुन्हा एकदा देवळात 'उद्याची चिंता करू नका' हे वचन कानावर आलं आणि ठेवलेलंही त्याने देऊन टाकलं, बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली केलं आणि कालांतराने रानात निघून गेला. त्याचं चरित्र लिहिणारा अथनेशियस बहिणीला कुणी विचारलं का हे सांगत नाही. दर वेळी वाचताना मला तिची आठवण येते. दुसऱ्याच्या अक्षरशः आज्ञापालनाची किंमत कधी कधी घरातल्या बाईने भरलेली असते. तरीही अँथनीपुढे मी नतमस्तक आहे. त्याने रेघ स्वतःच्या सोयीने ओढली नाही.

आणि गवताला गवत म्हणणारा बेसिल आठवा. तुझ्याकडे साठलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतलं वस्त्र उघड्याचं आहे, हेही त्याचेच शब्द. दुष्काळात त्याने लोकांना जेवू घातलं आणि कैसरियाच्या वेशीबाहेर आजाऱ्यांसाठी, गरिबांसाठी, वाटसरूंसाठी मोठं आश्रयस्थान उभारलं. सृष्टीचे दिवस त्याने अक्षरशः घेतले तशी भाकरही अक्षरशः घेतली.

म्हणून ताई, मुलाशी तासांवरून भांडू नका. त्याला म्हणा, "बाळा, तू चोवीस तास मान, माझी हरकत नाही. पण मत्तय पाच ते सात हे तीन अध्यायही तितकेच अक्षरशः घे. शत्रूवर प्रीती कर, उसनं मागणाऱ्याला पाठ दाखवू नकोस, दोष काढू नकोस. आणि वेदीपाशी अर्पण नेल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर." हे शेवटचं वचन त्याच्या आणि तुमच्या देवळाच्या बाबतीत आजच लागू आहे. टोमणा म्हणून सांगू नका, मायेने सांगा. शास्त्र मनापासून मानतो म्हणणारा मुलगा या वचनावर विचार करेल, असा मला भरवसा आहे. पाळकसाहेबांनाही सांगा की त्याला घरी बोलवावं आणि करिंथकरांस पत्राचा पंधरावा अध्याय दोघांनी बसून वाचावा. तो वाचून झाल्यावर पुनरुत्थानाची त्याची काळजी पुष्कळ हलकी होईल.

प्रश्न : मी कॅथलिक आहे. माझा एक प्रोटेस्टंट मित्र म्हणतो, "तुमची चर्च बायबल अक्षरशः मानत नाही, आम्ही मानतो." यावर कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका काय आहे? तुम्ही प्रोटेस्टंट आहात हे ठाऊक आहे, तरी विचारतो. — एक तरुण वाचक, वसई

उत्तर : विचारलंस ते बरं केलंस. तुझ्या मित्राला विचार, 'हे माझे शरीर आहे' हे वचन तो कसं घेतो? बहुधा म्हणेल, ती आठवणीची खूण आहे. आणि कॅथलिक म्हणून तू म्हणशील, शरीर म्हणजे शरीर. मग या वचनापुरतं अक्षरशः मानणारं कोण ठरलं?

हा वाद आम्हा प्रोटेस्टंटांच्या घरातलाही आहे. 1529 च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात हेस प्रांताचा शासक फिलिप याने ल्यूथर आणि झ्युरिकचा झ्विंगली यांना समोरासमोर बसवलं. धर्मसुधारणेच्या दोन्ही फळ्या एक व्हाव्यात म्हणून. चर्चा सुरू होण्याआधी ल्यूथरने खडू घेतला, मेजावर लॅटिनमध्ये 'हे माझे शरीर आहे' एवढं लिहिलं आणि वर मखमली कापड ओढून घेतलं. झ्विंगली म्हणत होता की इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते', आणि योहानाच्या सहाव्या अध्यायातलं 'देहापासून काही लाभ नाही' हे वचन पुढे करत होता. शास्त्रातून आधार दाखवा, अशी मागणी झाली तेव्हा ल्यूथरने कापड बाजूला केलं आणि खडूची अक्षरं दाखवली. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचं एकमत झालं. पंधराव्यातल्या या मुद्द्यावर झालं नाही आणि सुधारणेची ती फाळणी शतकानुशतकं टिकली. दोघांनाही शास्त्र प्राणाहून प्रिय होतं. मी ज्या मंडळीत वाढले ती या मुद्द्यावर झ्विंगलीच्या जवळची, पण ल्यूथरच्या त्या खडूच्या अक्षरांपुढे मला सहजासहजी बोलता येत नाही.

तुझ्या चर्चची भूमिका जुनी आणि सुटसुटीत आहे. पाचव्या शतकात जॉन कॅसियनने यरुशलेमचं उदाहरण देऊन वचनाचे चार अर्थ सांगितले. घडल्या इतिहासात ते यहुद्यांचं शहर, विश्वासाच्या अर्थाने ख्रिस्ताची मंडळी, आचरणाच्या अर्थाने माणसाचा आत्मा आणि आशेच्या अर्थाने स्वर्गातलं नगर. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्याला एक अट घातली, ती मला फार मोलाची वाटते: बाकीचे सगळे अर्थ अक्षरशः अर्थावरच उभे राहतात आणि सिद्धान्ताचा वाद घालायचा तर त्या एका अर्थाच्या आधारेच घालता येतो. अक्षरशः म्हणजे काय, हेही तो सांगतो. 'देवाचा बाहू' असं लिहिलं तर तिथे अक्षरशः अर्थ हाडामांसाचा हात नव्हे. लिहिणाऱ्याला म्हणायचं आहे ते सामर्थ्य, तोच तिथला अक्षरशः अर्थ.

गॅलिलिओच्या वेळी चर्चने स्वतःचीच ही शिस्त पाळली नाही, हे खरं. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात सूर्य थांबला असं आहे, म्हणून पृथ्वी फिरू शकत नाही, असं धरलं गेलं. 1633 मध्ये एका म्हाताऱ्या श्रद्धावान माणसाला गुडघ्यावर बसवून शपथ घ्यायला लावली. त्याने 1615 मध्ये लिहिलेल्या दीर्घ पत्रात ऑगस्टीनचाच आधार दिला होता. आज मात्र चित्र स्पष्ट आहे. 1943 मध्ये पोप बारावे पायस यांनी अभ्यासकांना सांगितलं की त्या काळच्या पूर्वेकडच्या लोकांची लिहिण्याची रीत ओळखा. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तेच अधिक ठामपणे मांडलं: इतिहास, भविष्यवाणी, काव्य, प्रत्येकात सत्य वेगळ्या तऱ्हेने सांगितलेलं असतं. तुझी चर्च बायबल मानते, यात मला शंका नाही. मित्राशी मैत्री ठेव आणि दोघं मिळून योहानाचा सहावा अध्याय वाचा.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, पण आपला स्तंभ आवडीने वाचतो. गांधीजी कुरुक्षेत्राचं युद्ध माणसाच्या अंतःकरणातलं मानत. मलाही वाटतं की धर्मग्रंथ रूपक म्हणून वाचला की माणूस उदार होतो आणि शब्दाला चिकटला की कट्टर. आपल्याकडच्या अनुभवावरून हे बरोबर आहे का? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, आपलं पत्र वाचून आनंद झाला. पण मंडळीचा इतिहास याला पूर्ण दुजोरा देत नाही.

लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीचा दृष्टान्त आहे. यजमान चाकराला सांगतो, रस्त्यांवर जा आणि लोकांना आग्रहाने आत घेऊन ये. ऑगस्टीनने या शब्दांचा अर्थ फुटून निघालेल्या डोनाटस पंथीयांना सरकारी बळ वापरून मंडळीत परत आणणं, असा लावला. मेजवानीचा आग्रह असा जबरदस्तीचा परवाना झाला आणि पुढच्या शतकांत तो पुष्कळांनी वापरला. लूकच्याच बाविसाव्या अध्यायात शिष्य म्हणतात, प्रभू, इथे दोन तलवारी आहेत. 1302 मध्ये पोप आठव्या बोनिफेसने त्या दोन तलवारी म्हणजे धर्मसत्ता आणि राजसत्ता ठरवल्या आणि दोन्ही मंडळीच्या अधिकारात आहेत असं फर्मान काढलं. ही दोन्ही रूपकंच होती, आणि त्यांतून उदारपणा आला नाही. बाराव्या शतकातला लीलचा अ‍ॅलन म्हणून गेला की ग्रंथाच्या आधाराला मेणाचं नाक असतं, हवं तिकडे वळवता येतं. ल्यूथरने रूपकांवर एवढा राग धरला तो याचमुळे. सामान्य माणसाच्या हातात ग्रंथ गेला आणि शब्दाचा साधा अर्थ प्रमाण ठरला, तर त्याला पोपलाही विचारता येतं की हे कुठे लिहिलंय?

रूपकाने मंडळीला दिलेलं सौंदर्यही थोडं नाही. गीतरत्न हे बायबलमधलं पुस्तक म्हणजे प्रेमिकांचं काव्य. त्यात ख्रिस्त आणि आत्मा यांची प्रीती पाहून क्लेर्व्होच्या बर्नार्डने त्यावर 86 उपदेश दिले आणि तेवढ्यात तो जेमतेम तिसऱ्या अध्यायापर्यंत पोहोचला. उलट मोप्सुएस्तियाचा बिशप थिओडोर याने ते शलमोनाचं खरंखुरं प्रेमकाव्य मानलं. 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने थिओडोरला दोषी ठरवलं आणि तिथेच ओरिजेनचंही नाव पाखंड्यांच्या यादीत घातलं. एक शब्दाला धरून चालणारा, दुसरा रूपकाचा आचार्य. मृत्यूनंतर शतकांनी दोघांवर एकाच परिषदेत बहिष्कार पडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण ऐकली असेल. ऑगस्टीन तिची फोड करतो ती अशी: लुटलेला माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान, याजक आणि लेवी म्हणजे जुना करार, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी, उतारशाळेचा मालक म्हणजे पौल. सुरेख आहे. माझ्या शनिवारच्या बायबल क्लासात हे सांगून झाल्यावर सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलेल्या एक सिस्टर म्हणाल्या, "बाई, त्याने द्राक्षारसाने जखम धुतली, मग तेल लावलं, पट्टी बांधली, स्वतःच्या जनावरावर घालून नेलं आणि रात्रभर सांभाळलं. सकाळी दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला. पेशंटला दारात सोडून जाणारे नातेवाईक मी किती पाहिलेत!" दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. क्लासात मग ऑगस्टीन राहिला बाजूला आणि तासभर त्या दोन दिवसांच्या मजुरीवरच बोलणं झालं. ऑगस्टीनच्या अर्थात आपण सगळे जखमी आहोत आणि ख्रिस्त आपल्याला उचलतो, हे मला हवं आहे. पण 'जा, तूही तसंच कर' असं प्रभू शेवटी म्हणतो, ते सिस्टरांनी वाचलेल्या गोष्टीबद्दल. तो साधा अर्थ रूपकाखाली गाडला जाणार असेल तर मी रूपक सोडून देईन.

ऑगस्टीननेच यावर दिलेली कसोटी मी आपल्यापुढे ठेवते: ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलं नाही. डोनाटस पंथीयांच्या बाबतीत तो स्वतः या कसोटीला उतरला नाही, असं मला वाटतं. कसोटी मात्र खरी आहे.

प्रश्न : मार्क 16 मध्ये विश्वास धरणारे साप उचलतील आणि विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही, असं लिहिलं आहे. हे अक्षरशः घ्यायचं का? — सोलापूर

उत्तर : नाही. अमेरिकेत अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातल्या काही मंडळ्यांत ते तसं घेतात आणि उपासनेत विषारी साप हातात धरतात. ही प्रथा पसरवणारे उपदेशक जॉर्ज वेंट हेन्सली 1955 मध्ये साप चावूनच वारले. शिवाय मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या दोन संपूर्ण प्रती, चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन प्रती, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपतात. साप त्यापुढच्या भागात येतात. अनेक छापील बायबलांत तिथे तशी टीप असते, ती वाचा.

पण टीप नसती तरी माझं उत्तर हेच असतं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि एक्क्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवतो: तुझा पाय दगडावर आपटू नये म्हणून देवदूत तुला हातांवर झेलतील, टाक उडी. वचन खरं आहे, शब्दही बरोबर आहेत. प्रभू हे रूपक आहे असं म्हणत नाही आणि उडीही टाकत नाही. तो त्याच्या शेजारी जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं दुसरं वचन ठेवतो, 'परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको'. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा आणि चावलाच तर आधी सरकारी दवाखाना गाठा. प्रार्थना वाटेत करता येते.